नेट गेलं, एसएसएच बंद, सर्व्हर मात्र चालू: सीरियल कन्सोलने आत कसं शिरायचं?

समजा, चांदूर बाजारला एका संत्रा व्यापाऱ्याच्या ऑफिसात एक छोटा लिनक्स सर्व्हर ठेवलाय. त्यावर बिलं, गाड्यांचा हिशेब, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग असं सगळं. तो सांभाळणारा पोरगा अमरावतीत राहतो आणि मोबाईलवरूनच एसएसएचने लॉगिन करून कामं उरकतो. एका संध्याकाळी तो फायरवॉलचा एक नियम बदलतो, एंटर दाबतो आणि स्क्रीन जागीच थिजते. नव्या नियमाने त्यालाच बाहेर काढलेलं असतं. सर्व्हर चालू आहे, लाईट आहे, हार्ड डिस्क ठणठणीत आहे. फक्त आत जायचा रस्ता बंद.

आता काय? नेटवर्कचा बिघाड नेटवर्कवरून दुरुस्त करायला जाणं म्हणजे विहिरीत पडलेली बादली त्याच बादलीने काढायला जाणं. मग चाळीसेक किलोमीटर एसटीने जा, तिथं मॉनिटर शोध, कीबोर्ड शोध. मॉनिटर सापडला तर त्याला एचडीएमआय आणि सर्व्हरला जुनं व्हीजीए. आणि डबा राउटरचा किंवा फायबरचा असेल तर त्याला मॉनिटरची जागाच नसते.

अशा वेळी कामाला येते ती एक साधी केबल. तिचं एक टोक लॅपटॉपच्या यूएसबीत, दुसरं सर्व्हरच्या 'कन्सोल' लिहिलेल्या भोकात. यालाच म्हणतात सीरियल कन्सोल. हे तंत्र जुनं आहे, मंद आहे, दिसायलाही काही खास नाही. पण आयपी ॲड्रेस, वायफाय, डीएनएस, फायरवॉल यातलं काहीच त्याला लागत नाही. म्हणून बाकी सगळं झोपलं तरी ते जागं असतं.

तालुक्याच्या गावी ही केबल कशाला?

"आपण गावातले, आपला सर्व्हरशी काय संबंध?" असं वाटत असेल तर थोडं थांबा. भारतनेट हे नाव तुम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किंवा बातमीत वाचलं असेल. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये ही योजना मंजूर केली. तेव्हा तिचं नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या, असा बेत. त्याची मूळ मांडणी अशी: तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ओएलटी नावाचा एक मोठा डबा. तिथून फायबर निघतं, वाटेत स्प्लिटर लागतो, त्यातून फाटे फुटतात आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत ओएनटी नावाचा छोटा डबा बसतो. हे सगळं जीपॉन पद्धतीचं.

या मांडणीत तालुक्याच्या ठिकाणाला किती महत्त्व आहे बघा. शिरजगाव कसबा किंवा ब्राह्मणवाडा थडीसारख्या गावात ओएनटी बिघडला तर त्या एका गावाचं नेट जातं. पण तालुक्याच्या ओएलटीचं वरच्या बाजूचं कनेक्शन चुकीच्या सेटिंगमुळे तुटलं, तर त्यावर लटकलेली सगळी गावं एकदम अंधारात. सातबारा, दाखले, ऑनलाईन अर्ज, पीकविम्याची शेवटची तारीख, सगळं त्या फायबरवर अवलंबून. आणि तो ओएलटी जिल्ह्याच्या ठिकाणाहून नेटवरून सांभाळणाऱ्या माणसाला तो दिसेनासा होतो, कारण त्याचाही रस्ता तोच असतो. मग कुणालातरी लॅपटॉप आणि केबल घेऊन त्या डब्यासमोर उभं राहावं लागतं. ओएलटी, मोठे राउटर, मॅनेज करता येणारे स्विच, फायरवॉल यांना कन्सोल पोर्ट दिलेलं असतं ते याचसाठी. तो 'कुणीतरी' तालुक्यातच राहणारा असला तर काम तासाभरात होतं. नसला तर उद्यावर जातं.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्ही बंद पडले आणि जवळपास सहा तास बंदच राहिले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सना जोडणारं मुख्य जाळंच तुटलं होतं. अडीअडचणीसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही त्या वेळी उपयोगी पडलं नाही आणि इंजिनिअर लोकांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं, हे कंपनीने नंतर स्वतः लिहिलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि शेवटी उपाय काय, तर माणसाने यंत्राजवळ जाणं.

एका तारेतून, एकामागून एक

'सीरियल' म्हणजे एकापाठोपाठ एक. संत्र्याची गाडी भरताना माणसं ओळीने उभी राहतात आणि क्रेट हातोहात पुढे जातो, तसं. एका वेळी एकच क्रेट. इथं क्रेटऐवजी बिट, म्हणजे शून्य किंवा एक.

उदाहरणार्थ इंग्रजी मोठं 'ए' पाठवायचं. कॉम्प्युटरच्या तक्त्यात त्याचा नंबर ६५, आणि शून्य-एकच्या भाषेत ०१०००००१. आधी तार शांत असते, म्हणजे तिच्यावर कायम १ असतो. पाठवणारा ती एकदम ० वर आणतो. हा झाला स्टार्ट बिट, "घे रे, आलं" अशी हाक. मग आठ बिट जातात, तेही उजवीकडून डावीकडे: १, ०, ०, ०, ०, ०, १, ०. शेवटी परत १, तो स्टॉप बिट. एका अक्षरासाठी एकूण दहा बिट.

इथं एक गंमत आहे. दोघांमध्ये वेळ सांगणारी वेगळी तार नसते. पुढचा बिट कधी वाचायचा हे घेणारा आपल्या घड्याळाने ठरवतो. त्यामुळे दोन्हीकडचा स्पीड आधीच ठरलेला आणि सारखा असावा लागतो. देणारा भराभर क्रेट देतोय आणि घेणारा सावकाश हात पुढे करतोय, तर काय होईल? संत्री रस्त्यावर. कन्सोलवर नेमकं तेच होतं: स्पीड चुकला की स्क्रीनवर चौकोन, प्रश्नचिन्हं, कसलीतरी चिन्हं यांचा सडा पडतो. नवशिका घाबरतो. खरं तर ही चांगली खूण आहे. केबल बरोबर लागली, डेटा येतोय, फक्त स्पीड बदलायचा.

या स्पीडला बॉड म्हणतात. हे नाव एमिल बोडो या फ्रेंच तारयंत्र इंजिनिअरवरून आलं. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेच्या जमान्याचा हा शब्द आज सर्व्हर रूममध्ये रोज वापरला जातो. लिनक्समध्ये पोर्टच्या नावात 'टीटीवाय' ही अक्षरं दिसतात ना, तीही टेलिटाईप म्हणजे टेलिप्रिंटरवरून आलेली. आणि ज्या आरएस-२३२ नियमावर ही केबल चालते, ती १९६० सालची.

नेहमी भेटणारे दोन स्पीड लक्षात ठेवा: ९६०० आणि ११५२००. राउटर-स्विचवर बहुधा पहिला, लिनक्स सर्व्हर आणि छोट्या बोर्डांवर बहुधा दुसरा. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. जुन्या टर्मिनलची एक पूर्ण स्क्रीन ८० गुणिले २४, म्हणजे १९२० अक्षरांची. ती भरायला दोन सेकंद लागतात. रील बघायची सवय असलेल्याला हे फारच संथ वाटेल, पण कमांड टाईप करायला आणि उत्तर वाचायला पुष्कळ झालं. जाता जाता: युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'चांदूर बाजार' लिहायला ३४ बाइट लागतात, तेच इंग्रजी अक्षरांत १३. कन्सोलवर फाईलची नावं इंग्रजी ठेवण्याची प्रथा आहे ती उगाच नाही.

केबल ओळखा, नाहीतर पोर्ट जळेल

बहुतेकांचा वेळ इथंच जातो, म्हणून हा भाग नीट वाचा.

जुन्या सर्व्हरवर आणि जुन्या डेस्कटॉपवर नऊ पिनांचं पोर्ट असतं, त्याला डीबी-९ म्हणतात. नऊपैकी तीनच पिना खरं काम करतात: २ नंबर ऐकायची, ३ नंबर बोलायची, ५ नंबर ग्राउंड. आता लॅपटॉपची केबल ३ वर बोलते आणि सर्व्हरही ३ वरच बोलतो. दोघंही एकाच तारेत तोंड घालून बसले तर ऐकणार कोण? म्हणून मध्ये २ आणि ३ यांची अदलाबदल करणारी केबल लागते. तिला नल मोडेम केबल म्हणतात. दुकानात "सीरियल केबल द्या" म्हटलं तर साधी सरळ केबल हातात पडू शकते, म्हणून नल मोडेम हे नाव घेऊनच मागा.

राउटर आणि स्विचवर कन्सोल पोर्ट बहुतेकदा लॅनच्या पोर्टासारखंच दिसतं, तेच आरजे-४५. आकार एक, काम वेगळं. लॅनची केबल त्यात लावून काही होत नाही. त्याला रोलओव्हर केबल लागते, सिस्कोची असेल तर चपटी आणि फिकट निळी. आपल्या जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे अशी दोन चांदूर आहेत आणि बाहेरचा माणूस हमखास चुकीच्या चांदूरला जाऊन पोचतो. (त्यात भर म्हणजे आता चांदूर बाजारलाही रेल्वे स्टेशन आहे.) कन्सोल आणि लॅनचं तसंच आहे. भोकाच्या आकारावर जाऊ नका, वर काय लिहिलंय ते वाचा. नवीन डब्यांवर कन्सोलसाठी छोटं यूएसबी किंवा टाईप-सी पोर्टही येतं. तिथं नेहमीची डेटा केबल चालते, मात्र काही कंपन्यांच्या डब्यांसाठी लॅपटॉपवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्होल्टेज. खऱ्या आरएस-२३२ मध्ये १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. पण रास्पबेरी पाय, घरातला वायफाय राउटर उघडल्यावर आत दिसणाऱ्या चार पिना, असल्या ठिकाणी फक्त ३.३ व्होल्ट चालतात. आरएस-२३२ ची केबल त्या पिनांना सरळ लावली तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. त्यासाठी 'टीटीएल ३.३ व्होल्ट' लिहिलेला वेगळा ॲडॉप्टर मिळतो. त्यातही लाल तार (५ व्होल्टची) लावायची नाही, ती मोकळी सोडायची. फक्त बोलायची, ऐकायची आणि ग्राउंड, अशा तीन तारा.

आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतंच, म्हणून यूएसबी-सीरियल ॲडॉप्टर लागतो. तो काहीशे रुपयांत मिळतो. आत एक छोटी चिप असते: एफटीडीआय, प्रोलिफिक किंवा सीएच-३४०. नकली चिपांचा इथं मोठा सुळसुळाट आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयने विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला की नकली चिपचा ओळख नंबर पुसून शून्य व्हायचा आणि केबल निकामी दिसायची. खूप आरडाओरड झाली, मग कंपनीने तो मागे घेतला. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर जुन्या किंवा नकली चिपला डिव्हाइस मॅनेजरमध्ये सरळ लिहून दाखवतो की ही चिप २०१२ पासून बंद आहे, विकणाऱ्याला विचारा. केबल घेतल्या घेतल्या घरी लावून बघा. ऐन वेळी रॅकसमोर हे वाचायला मिळणं बरं नाही.

लावायचं कसं?

विंडोजवर ॲडॉप्टर लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' उघडा. कॉम-३, कॉम-५ असं काहीतरी दिसेल. तो नंबर लक्षात ठेवा. मग पुटी उघडा. हा छोटा फुकट प्रोग्राम सायमन टॅथम यांनी लिहिलाय आणि गेली वीसेक वर्षं नेटवर्कवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये ठाण मांडून आहे. त्यात 'सीरियल' निवडा, कॉमचा नंबर टाका, स्पीड टाका. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. हे आधीपासून तसंच असतं.

एक गोष्ट मात्र बदला. पुटीमध्ये फ्लो कंट्रोल 'एक्सऑन-एक्सऑफ' वर असतं, ते 'नन' करा. आणि 'लॉगिंग' मध्ये जाऊन सगळं एका फाईलमध्ये साठवायला सांगा. हे दुसरं फार कामाचं. सर्व्हर सुरू होताना किंवा कोसळताना शेकडो ओळी भरकन निघून जातात. मॉनिटरवर त्या वर सरकून गायब होतात, मग आपण मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढत बसतो. सीरियलवर त्या तुमच्या लॅपटॉपच्या फाईलमध्ये पडतात. नंतर सावकाश वाचा, जाणकाराला पाठवा.

लिनक्सवर ॲडॉप्टरचं नाव बहुतेक वेळा टीटीवाययूएसबी-शून्य असतं. 'स्क्रीन' किंवा 'पिकोकॉम' कमांडला पोर्ट आणि स्पीड सांगितला की झालं. परवानगी नाही असं आलं तर तुमचा युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये टाका (उबुंटू-डेबियनमध्ये हेच नाव आहे), लॉगआउट करून परत या.

खिडकी उघडली आणि पूर्ण काळी? अजिबात घाबरू नका. समोरचा डबा गप्प बसलाय, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. एंटर दोन-तीनदा दाबा. लॉगिन आलं तर छान. कचरा आला तर स्पीड बदला. काहीच नाही आलं तर केबल सरळ आहे की अदलाबदलीची ते बघा. दिसतंय पण टाईप होत नाही, तर फ्लो कंट्रोल. मस्त चाललं होतं आणि अचानक थिजलं, तर कदाचित चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं; कंट्रोल-क्यू दाबा. सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबणारे इथं हमखास अडकतात.

दोष केबलचा की सर्व्हरचा, हे कळायला एक झकास युक्ती आहे. डीबी-९ च्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका छोट्या तारेने जोडा आणि पुटीत काहीतरी टाईप करा. जे लिहाल ते परत स्क्रीनवर दिसलं, तर ॲडॉप्टर आणि ड्रायव्हर बरोबर आहेत. म्हणजे गडबड पुढे आहे. टीटीएल ॲडॉप्टरवर बोलायची आणि ऐकायची तार एकमेकींना लावून हेच करता येतं.

आणखी एक, आपल्याकडच्या इमारतींमुळे सांगतोय. अर्थिंग धड नसेल तर चार्जरवरचा लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्या ग्राउंडमध्ये फरक पडतो आणि तो फरक या बारीक तारेतून वाहतो. चार्जर काढून बॅटरीवर काम करा. पावसाळ्यात विजा कडकडत असतील तर थोडं थांबा.

लॅपटॉप नाही, मोबाईल आहे

आता तुमच्या कामाचं. ॲन्ड्रॉइड फोनला ओटीजी असेल तर हेच सगळं फोनवर होतं. फोन, ओटीजी कनेक्टर, यूएसबी-सीरियल ॲडॉप्टर, कन्सोल केबल, अशी साखळी. प्ले स्टोअरवर काई मोरिच यांचं 'सीरियल यूएसबी टर्मिनल' हे ॲप आहे. ते एफटीडीआय, प्रोलिफिक, सीएच-३४० या सगळ्या चिपा ओळखतं आणि फोन रूट करायची गरज पडत नाही. ॲडॉप्टर लावला की परवानगी मागतं, ती द्यायची, स्पीड निवडायचा, कनेक्ट दाबायचं.

अडचणी आहेत. फोनच्या कीबोर्डवर कंट्रोल आणि एस्केप नसतात, म्हणून ॲपमधल्या मॅक्रो बटणांवर ते आधीच बसवून ठेवा. हे ॲप एकेक अक्षर न पाठवता पूर्ण ओळ पाठवतं, त्यामुळे टॅब दाबून कमांड पूर्ण करायची सवय इथं चालत नाही. ॲडॉप्टर फोनच्या बॅटरीवर जगतो. आयफोनवर ही सोय सहज मिळत नाही. तरीही एखादा चुकलेला फायरवॉल नियम काढायला, आयपी बघायला, सर्व्हर नीट बंद करून चालू करायला फोन पुरतो. माझं मत विचाराल तर बॅगेत एक एफटीडीआय ॲडॉप्टर आणि ओटीजीचा तुकडा पडलेला असावा. वजन किती, एका संत्र्याहूनही कमी.

सर्व्हरने आधी तोंड उघडायला हवं

ही गोष्ट बरेच लेख सांगत नाहीत. राउटर आणि स्विचचं कन्सोल कंपनीतूनच चालू येतं. साध्या लिनक्स सर्व्हरचं तसं नसतं. त्याला पोर्ट असतं, पण त्या पोर्टावर बोलायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अडचण आल्यावर केबल लावाल तर काळी खिडकीच दिसेल. तयारी आधी, सगळं नीट चालू असताना करून ठेवायची.

ग्रब नावाचा प्रोग्राम लिनक्सला सुरू करतो. त्याच्या सेटिंग फाईलमध्ये कर्नलला द्यायच्या सूचनांची एक ओळ असते. तिथं दोन कन्सोल लिहायचे: आधी टीटीवाय-शून्य (मॉनिटर) आणि मग टीटीवायएस-शून्य, स्वल्पविराम, ११५२०० (सीरियल). क्रम महत्त्वाचा आहे, कारण शेवटी लिहिलेला कन्सोल मुख्य ठरतो. मग ग्रब अपडेट करून सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा. सिस्टमडी असलेल्या लिनक्सवर सीरियलवर लॉगिनची ओळ आपोआप येते. ग्रबचा मेनूही सीरियलवर हवा असेल तर त्याला तसं वेगळं सांगावं लागतं. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर बायोसमध्ये 'कन्सोल रिडायरेक्शन' असतं. ते चालू केलं की बायोसचा पडदासुद्धा तुमच्या लॅपटॉपवर येतो.

याचा फायदा कुठं होतो? एक नेहमीचा प्रकार सांगतो. सर्व्हरला बाहेरची हार्ड डिस्क लावली, ती आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब फाईलमध्ये ओळ टाकली. पुढे कुणीतरी ती डिस्क काढून नेली. रात्री लाईट गेली, आली, सर्व्हर सुरू व्हायला लागला आणि डिस्क सापडेना म्हणून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसला. एसएसएच अजून सुरूच झालेलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सर्व्हर मेला. सीरियलवर मात्र स्पष्ट दिसतं की कुठल्या डिस्कसाठी अडलंय. ओळ काढा किंवा तिच्यात 'नोफेल' हा शब्द टाका, रीस्टार्ट करा, पाच मिनिटांचं काम. रूटचा पासवर्ड मात्र आधी ठरवून ठेवलेला असू द्या, कारण रूट कुलूपबंद असेल तर काही लिनक्स इमर्जन्सी मोडमध्ये आतच घेत नाहीत.

दुरून राउटरचं सेटिंग बदलणाऱ्यांसाठी सिस्कोच्या डब्यांवर एक जुनी शिस्त आहे. बदल करण्याआधी "दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो" अशी कमांड द्यायची. बदलामुळे तुम्ही बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांत डबा रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेला बदल विसरून जातो. सगळं ठीक झालं तर रीस्टार्ट रद्द करायचा. चाळीस किलोमीटरचा फेरा वाचतो.

डेटा सेंटरमधल्या सर्व्हरांत तर बीएमसी नावाचा एक स्वतंत्र छोटा कॉम्प्युटरच बसवलेला असतो, जो हेच सीरियल कन्सोल नेटवर्कवरून दाखवतो. क्लाउडमध्ये ना केबल ना भोक, तरी ॲमेझॉनने २०२१ मध्ये आपल्या ईसी-२ सर्व्हरांना ब्राउझरमधून उघडणारं सीरियल कन्सोल दिलं. अझूर आणि गुगल क्लाउडवरही ते आहे. साठ वर्षांपूर्वीच्या तारेचं नाटक आता सॉफ्टवेअरमध्ये वठवलं जातं, कारण बंद पडलेल्या सर्व्हरशी बोलायला याहून भरवशाचं काही सापडलेलं नाही.

कुठल्याही डब्यात केबल घालू नका

सीरियल कन्सोलवर फायरवॉल नसते. ज्याच्या हातात केबल, त्याच्या हातात डबा. बऱ्याच राउटरवर सुरू होतानाच्या पहिल्या मिनिटात 'ब्रेक' सिग्नल पाठवला की पासवर्ड ओलांडता येतो. विसरलेला पासवर्ड परत मिळवायची ती अधिकृत पद्धतच आहे. म्हणून रॅकला कुलूप लागतं, कन्सोलवरही पासवर्ड लागतो आणि काम संपलं की लॉगआउट करावंच लागतं. केबल काढली तरी आत लॉगिन तसंच उघडं राहू शकतं. पुढचा माणूस केबल लावतो आणि सरळ तुमच्या नावाने आत.

दुसऱ्याच्या यंत्राला परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ आणि ६६ यालाच लागू होतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रामपंचायतीतला डबा, बँकेचा राउटर, एटीएमच्या मागचं मशीन, यांच्यावर प्रयोग करायचा नाही.

प्रयोगाला घरचं पुरतं. भंगारात निघालेला एखादा जुना डेस्कटॉप बघा, मागे नऊ पिनांचं पोर्ट असेल तर सोनं. त्यावर लिनक्स टाका, ग्रबची ती ओळ लिहा, नल मोडेम केबल लावा. मग मुद्दाम त्याची लॅन केबल उपटा, एफएसटॅबमध्ये नसलेल्या डिस्कची ओळ टाका, रीस्टार्ट करा आणि मॉनिटर न लावता, फक्त फोनवरून त्याला परत उभा करून दाखवा. रास्पबेरी पाय असेल तर ६, ८ आणि १० नंबरच्या पिनांवर ३.३ व्होल्टचा ॲडॉप्टर लावून हेच करता येतं: ६ ग्राउंड, ८ वर पाय बोलतो, १० वर ऐकतो. त्याच्या सेटिंगमध्ये सीरियल आधी चालू करावं लागतं. पहिल्या वेळी लॉगिनची ओळ दिसेपर्यंत अर्धा दिवस गेला तरी चालेल. बहुतेक वेळा शेवटी ८ आणि १० च्या तारा उलट लागलेल्या निघतात.